थांबलेला आकडा

मंडळी, आजचा विषय खादाडीचा आहे आणि थोडासा हापिसातलाही. शाकाहारी वाचकांनी हा वीकांत माफ करावा. पुढच्या वेळी वांग्याच्या भरताबद्दल लिहीन, धूर त्यालाही लागतोच.

मांस स्मोक करताना वापरायच्या बिनतारी थर्मामीटरबद्दल माझं एक ठाम मत झालेलं आहे, ते आधीच सांगून टाकतो. विकत घेताना सगळं पब्लिक विचारतं, "किती अचूक आहे हो?" आणि "रेंज किती?" दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. विचारायला हवं ते हे: या यंत्राला जेव्हा काहीच कळेनासं होतं, तेव्हा ते तसं सांगतं का? की शेवटचा आठवलेला आकडा तोंडावर ठेवून गप्प बसतं?

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. मी राहतो टेक्ससमध्ये, ऑस्टिनजवळ. इथे स्मोकिंग म्हणजे जवळजवळ धर्म. आमच्या गावच्या फ्रँकलिन बार्बेक्यूने २००९ मध्ये एका ट्रेलरमधून धंदा सुरू केला, २०१५ मध्ये त्याच्या मालकाला जेम्स बीअर्ड पुरस्कार मिळाला, आणि लोक तिथे सकाळपासून खुर्च्या टाकून रांगेत बसतात. तिथली ख्याती ब्रिस्केटची, म्हणजे गायीच्या छातीच्या मांसाची. आमच्या मराठी कंपूत ते खाणारे आणि न खाणारे असे दोन पक्ष असल्यामुळे घरी बहुधा पोर्क शोल्डर होतो. (त्यातही डुकराला हात न लावणारे आहेत. त्यांच्यासाठी कोंबडी. आपली माणसं म्हणजे पंगतीत वाढणाऱ्याची परीक्षाच.)

तर चार किलोचा शोल्डर २२५ ते २५० फॅरनहाइटच्या मंद धगीवर ठेवायचा, म्हणजे साधारण ११० ते १२० सेल्सिअस. आतलं तापमान २००च्या आसपास, सेल्सिअसमध्ये ९५ वगैरे, पोचलं की त्यातल्या चिवट कोलॅजनचं जिलेटिन झालेलं असतं आणि मांस बोटांनी सुटून येतं. याला दहा, बारा, कधी चौदा तास लागतात. दुपारी एक वाजता पाहुणे जेवायला असतील तर विस्तव आदल्या रात्री पेटवावा लागतो. म्हणजे तुम्ही वर गाद्यागिरद्यांत, मांस खाली अंगणात, आणि दोघांमध्ये दुवा एकच, तो थर्मामीटर. नीट विचार केलात तर इथे तुम्ही स्वयंपाकाचं साधन विकत घेतलेलं नाही. तुम्ही रात्रीचा पहारेकरी नेमलेला आहे.

आता या प्रकारातली खरी गंमत. मांसाचं तापमान सुरुवातीला भराभर चढतं आणि १५० ते १७० फॅरनहाइटच्या दरम्यान कुठेतरी चक्क थांबतं. तासन् तास. कधी एखादी डिग्री उतरतंही. इथले लोक याला 'स्टॉल' म्हणतात. नवखी माणसं या टप्प्यावर घाबरून कोळसा वाढवतात. ग्रेग ब्लॉन्डर नावाच्या एका भौतिकशास्त्रज्ञाने याचं कारण प्रयोग करून दाखवलं: मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि त्या बाष्पीभवनाने मांस गार होतं. जितकी उष्णता आत येते तितकीच पाणी घेऊन जातं. त्याने ओला स्पंज ठेवून पाहिला तर तोही असाच अडकला. चरबीचा गोळा मात्र न थांबता चढत गेला. थोडक्यात आपला माठच, फक्त उलट्या कामाला लागलेला.

म्हणजे काय झालं बघा. रात्री दोन-तीनच्या सुमारास, जेव्हा तुम्ही गाढ झोपेत असता, नेमका तेव्हाच खरा आकडाही स्थिर असतो. आणि संपर्क तुटून अडकून पडलेला आकडाही स्थिरच असतो. दोन्ही फोनवर हुबेहूब सारखे दिसतात. चढता आकडा अचानक थांबला असता तर कोणालाही शंका आली असती, पण स्टॉलमध्ये न हलणं हीच अपेक्षित वागणूक आहे. आमच्या धंद्यात ज्यांनी कधी जुनी कॅश पहाटे तीन वाजता निस्तरली आहे त्यांच्या अंगावर एव्हाना काटा आला असेल.

हे हवेतलं बोलणं नाही. गेल्या लेबर डेला माझ्या एका मित्राकडे तीसेक माणसांचं जेवण होतं, त्यात पाच-सहा लहान मुलं आणि भारतातून आलेले तिघांचे आईवडील. मित्राने आदल्या रात्री साध्या गोल कोळशाच्या ग्रिलमध्ये निखाऱ्यांची अर्धगोल रांग लावून दोन शोल्डर चढवले. थर्मामीटर नवा, एका नामांकित कंपनीचा (नाव लिहीत नाही), पूर्ण बिनतारी, सोबत सिग्नल पुढे ढकलणारा डबा. मी मदतीला म्हणून सकाळी सातला पोचलो. मित्र चहा घेत फोनकडे बघत होता. "१५८. रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हाही १५८. जाम स्टॉल आहे यार."

आम्ही बाहेर गेलो. ग्रिलच्या झाकणाला हात लागला तर ते थंड. राखेने खालची भोकं बुजली होती आणि निखाऱ्यांची रांग अर्ध्यावर विझली होती. हातातल्या साध्या थर्मामीटरने पाहिलं तर एक शोल्डर ११८, दुसरा ११५. झालं होतं इतकंच की रात्री पावणेदोनला त्या डब्याची बॅटरी संपली. ऍपने शेवटचे आकडे तसेच मोठ्या ठळक अक्षरांत ठेवले, मांसाचाही आणि ग्रिलचाही, आणि कोपऱ्यात एक चिन्ह निळ्याचं करडं केलं. गजर नाही, काही नाही. कारण गजर लावला होता २०३ला, आणि २०३ काही आलंच नाही!

पुढचा अर्धा तास स्वयंपाकघरात जी चर्चा झाली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. मित्राच्या आई म्हणाल्या, "अरे, पुन्हा पेटवून खदखदून शिजव की, जंतू मरतील." काकूंचं म्हणणं अगदी नैसर्गिक आहे, आपल्याकडे हाच उपाय. अडचण अशी की ४० ते १४० फॅरनहाइट या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, आणि इथल्या कृषी खात्याचा नियम दोन तासांचा आहे. बाहेरची हवा नव्वदच्या वर असेल तर एकच तास. शिवाय स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू जे विष मागे ठेवतात ते उकळूनही जात नाही. अखंड मांसाचा गाभा बहुतेक वेळा स्वच्छ असतो हे खरं, पण यात आदल्या दिवशी सुईने मसाल्याचं पाणी भरलं होतं, वर प्रोबचं भोक. मग प्रश्न एवढाच उरला की मांस १४०च्या खाली कधी आलं? सहा वाजता की तीन वाजता? ते सांगू शकणारं एकमेव यंत्र पावणेदोनपासून मुकं होतं. उत्तर मिळण्याची शक्यताच नव्हती, म्हणून आठ किलो मांस कचऱ्यात गेलं. पाहुण्यांनी पिझ्झा आणि काकूंची मसूर आमटी खाल्ली. (आमटी अप्रतिम होती, पण तो मुद्दा नाही.)

एक आकडा चुकला असता तर इतकं बिघडलं नसतं, आणि म्हणूनच मला त्या अचूकतेच्या चर्चेचा कंटाळा येतो. लोक दोन थर्मामीटर शेजारी ठेवून अर्ध्या डिग्रीचा फरक मोजत बसतात. अहो, एकाच शोल्डरमध्ये प्रोब इंचभर सरकवला, हाडाजवळ गेला किंवा चरबीच्या थरात घुसला, की आकडा पाच-दहा डिग्रींनी बदलतो. आणि २०३ ही काही दगडावरची रेघ नाही. शिजलेल्या बटाट्यात सुई जावी तसा प्रोब आत गेला की झालं, हे इथले जुने जाणते सांगतात आणि ते बरोबर आहे. कोंबडीला १६५ची सुरक्षा मर्यादा काटेकोर पाळायची असते, तिथे अचूकता हवी. पण ती तपासणं पोरखेळ आहे. ठेचलेल्या बर्फाच्या पाण्यात ३२ यायला हवं, उकळत्या पाण्यात २१२. तेही समुद्रसपाटीला. डेन्व्हरला पाणी ९५ सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, पुण्यातही ९८लाच, तेव्हा तिथे १०० दिसले नाहीत म्हणून यंत्राला शिव्या घालू नका.

आता सिग्नल. पूर्ण बिनतारी प्रोब म्हणजे एक जाड सुई, जिच्या आतच सेन्सर, बॅटरी, रेडिओ सगळं बसवलेलं. 'मीटर' नावाच्या प्रोबने (मीट आणि मीटर असा श्लेष) २०१५च्या किकस्टार्टर मोहिमेपासून हा प्रकार लोकप्रिय केला. कल्पना झक्कास आहे, वायरची कटकट नाही. पण जरा परिस्थिती बघा. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर. तुमचा मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो, कारण पाण्याचे पदार्थ या लहरी चांगल्या गिळतात. मांस म्हणजे मुख्यतः पाणीच, म्हणून अँटेना हॅन्डलमध्ये, मांसाबाहेर ठेवावी लागते. त्याभोवती पोलादी डबा, वर पोलादी झाकण. लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर, आणि ग्रिलची भोकं बोटभर, म्हणजे त्यातून फारसं काही बाहेर पडत नाही. जे झिरपतं ते झाकणाच्या फटीतून. चिनी मातीच्या अंड्यासारख्या स्मोकरमध्ये हाल थोडे कमी होतात. मग घराची भिंत, आणि अंगणाकडचं ते सुंदर काचेचं दार. उष्णता अडवण्यासाठी नव्या काचांवर धातूचा अतिपातळ थर असतो, तो रेडिओही अडवतो. खोक्यावर छापलेली रेंज ही मोकळ्या मैदानातली. मैदानात उभं राहून कोण झोपतं?

आणखी एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. या सुईतली इलेक्ट्रॉनिक्स भाजून निघू नये म्हणून ती मांसाच्या गारव्यात पुरलेली राहावी लागते. पहिल्या 'मीटर'ची आतल्या बाजूची मर्यादा १०० सेल्सिअस होती, हॅन्डलकडच्या टोकाची २७५. प्रोबवर एक रेघ असते, तिथपर्यंत तो आत हवाच. पोर्क शोल्डर आपण उतरवतो ९५ला. म्हणजे मर्यादेपासून अवघ्या पाच अंशांवर. स्टेकसाठी किंवा कोंबडीसाठी हे अंतर ऐसपैस आहे, शोल्डरसाठी नाही. शिवाय भवतालचं तापमान मोजणारा सेन्सर त्याच हॅन्डलच्या टोकाला, म्हणजे बाष्पीभवनाने गार झालेल्या मांसाला चिकटून, म्हणून तो ग्रिलची धग खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. त्यावर विश्वास ठेवून विस्तव वाढवणारे महाभाग मी पाहिलेत.

वायरचे जुने थर्मामीटर काही साधुसंत नाहीत. त्यांच्या प्रोबची वायर जिथे सुईला जोडलेली असते तिथे पाणी शिरतं, बहुतेक वेळा धुताना. आत थर्मिस्टर असेल तर त्याचा रोध तापमान वाढलं की कमी होतो, आणि ओलाव्यानेही रोध कमीच होतो. परिणाम असा की ओला प्रोब तापमान जास्त दाखवतो, म्हणजे नेमका धोक्याच्या बाजूला चुकतो. पण ही चूक बर्फाच्या पाण्यात (सांधा बाहेर ठेवून) एका मिनिटात पकडता येते, आणि नवा प्रोब स्वस्त असतो. मुख्य म्हणजे या प्रकारात रेडिओ डब्याच्या बाहेर असतो. पोलादातून फक्त वायर जाते, आणि तिला झाकणाचं काही वाटत नाही.

मग माझी अपेक्षा काय? अगदी प्राथमिक. हापिसात कुठलाही सर्व्हर दर अर्ध्या मिनिटाला "मी आहे" असं सांगतो, आणि दोन-तीन हाका चुकल्या की कोणाचा तरी फोन वाजतो. सर्व्हर गप्प आहे म्हणजे ठीक आहे असं आम्ही कधीच धरत नाही. थर्मामीटरलाही हेच लागू करा. संपर्क तुटला की पडद्यावरचा आकडा पुसून तिथे आडव्या रेघा याव्यात. आकड्याशेजारी तो किती मिनिटांपूर्वीचा हे लिहिलेलं असावं. आणि पाच मिनिटं काही ऐकू आलं नाही तर गजर व्हावा, तोही मेलेल्याला उठवणारा. यात कुठलंही संशोधन नाही, एका नवशिक्या प्रोग्रामरचं आठवड्याचं काम आहे. मग कंपन्या का करत नाहीत? माझा आपला अंदाज: संपर्क सारखा तुटत असतो आणि दर वेळी ओरडलं तर गिऱ्हाईक यंत्र परत करेल. गुळगुळीत आलेख दाखवला की पाच तारे मिळतात. म्हणजे यंत्राचा कमकुवतपणा झाकायला गप्प बसणं हेच वैशिष्ट्य होऊन बसलंय.

फोन हा पहारेकरी म्हणून वाईटच. बॅटरी वाचवायला तो मागे चालणारी ऍप झोपवतो, रात्री स्वतःहून अपडेट होतो, आणि 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये तुमचा गजरही गिळू शकतो. त्यापेक्षा उशाशी ठेवायचा तो जुनाट दिसणारा स्वतंत्र रिसीव्हर मला कितीतरी प्रामाणिक वाटतो. माझ्याकडचा दोन प्रोबवाला आहे: एक मांसात, एक जाळीवर मांसापासून दोन इंच लांब. ट्रान्समीटर ग्रिलबाहेर लटकतो आणि ९१५ मेगाहर्ट्झवर बोलतो, त्या लहरी भिंतींतून बऱ्या जातात. संपर्क गेला की रेघा दाखवतो आणि केकाटतो. बायकोने त्याचं नाव 'टिटवी' ठेवलंय आणि ती त्याचा मनापासून द्वेष करते :-)

एक फुकटचा उपाय, यंत्र कुठलंही असो. बहुतेक लोक फक्त मांसाच्या वरच्या मर्यादेचा गजर लावतात. रात्री तो बिनकामाचा आहे. जाळीच्या तापमानाचा खालचा गजर लावा, समजा २०० फॅरनहाइट. विस्तव मरतोय ही बातमी मांसाला फार उशिरा कळते, हवेला लगेच. आणि झोपण्यापूर्वी एकदा मुद्दाम ट्रान्समीटर बंद करून बघा काय होतं ते. दहा मिनिटं काहीच झालं नाही, आकडा तसाच दिसत राहिला, तर त्या यंत्राच्या भरवशावर झोपू नका. दुकानात ही चाचणी करता आली असती तर निम्मी मॉडेलं शेल्फवरच राहिली असती.

पूर्ण बिनतारी प्रोब फेकून द्या असं मी म्हणत नाही. आडव्या सळीवर फिरणाऱ्या कोंबडीत वायर गुंडाळली जाते, तिथे त्याला पर्याय नाही. ओव्हनमध्ये रान भाजताना, दीड-दोन तास, तुम्ही शेजारीच कांदा चिरत उभे असताना, तो उत्तम. माझ्या ड्रॉवरमध्ये एक आहे. उजेडी वापरतो, रात्री नाही.

आता दर डिसेंबरला येणारी फर्माईश: "येताना तो तुझा थर्मामीटर आण ना रे." आणणार नाही, आणि हा कंजूषपणा नव्हे. ९१५ मेगाहर्ट्झ अमेरिकेत विनापरवाना वापरता येतं. भारतात तो पट्टा मोबाइलवाल्यांच्या वाटेत येतो, आणि तिथे विनापरवाना मोकळीक ८६५च्या जवळपास आहे. तेव्हा पुण्याच्या गच्चीवर ग्रिल लावणाऱ्यांनी २.४ गिगाहर्ट्झवाला घ्यावा, पण शक्यतो ज्याचा रेडिओ वायरच्या टोकाला, डब्याबाहेर आहे असाच. ट्रान्समीटर बंद करायची चाचणी केलीत तर मॉडेलच्या नावासकट प्रतिक्रियांमध्ये कळवा. कोण ओरडतं आणि कोण गप्प बसतं याची यादी करायला घेतोय. माझ्याकडे सध्या चार यंत्रांची नोंद आहे, त्यातलं ओरडणारं एकच.